तुटलेल्या लिंक : शून्य

१९ ऑक्टोबर

दादा,

वरच्या ओळीत काय लिहायचं यावर दोन कागद वाया गेले. दोन वर्षं बोलचाल नसलेल्या भावाला नमस्कार लिहावा तर खोटा वाटतो, आणि आशीर्वाद मागायला माझं तोंड उरलेलं नाही. तेव्हा नुसतंच दादा. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघतोस आणि तसाच सोडून देतोस. पत्र मात्र वाचशील. हाताने लिहिलेला कागद तुला न वाचता टाकवत नाही, हे मला माहीत आहे.

दहा तारखेला तुझ्या पुलावर जे झालं ते ऐकलं. स्कूटरवर एक गवंडी आणि मागे त्याची बायको; पुलावर पाणी चढलं आणि स्कूटर वाहून गेली. बायको वाचली, तो तीन दिवसांनी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला. तू फाटक सोडून पाण्यात उतरलास आणि त्या बाईला ओढून काढलंस, हे मला ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं. सख्ख्या बहिणीला शिपायाकडून कळावं, इतके आपण लांब गेलो.

आता मुद्द्यावर येते. तू जबाबात सांगितलंस की खात्याच्या वेबसाइटवर धरणातून पाणी सोडायची वेळ दुपारी चार दिसली, म्हणून पुलाचं फाटक उघडं ठेवलं. पाणी सुटलं दोनला. त्याच संध्याकाळी चौकशी अधिकाऱ्यांनी पान उघडलं तर तिथे दोन होतं. आजही दोनच आहे. वेबसाइट मी सांभाळते म्हणून त्यांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं की पान बरोबर आहे. ते बरोबर आहेच. मी दोनदा तपासलं. कोणी सांगितलं नव्हतं तरी तिसऱ्यांदा तपासलं.

दादा, माणूस चुकतो. ऊन असतं, मोबाइलच्या काचेवर चकाकी येते, तुझा चष्माही बदलायला झाला असेल. आमचे मुख्य अभियंता काल मला बोलावून म्हणाले, "तुमच्या भावाला समजवा बाई. माणूस खोटं बोलतोय असं दिसलं की प्रकरण चिघळतं. वाचण्यात चूक झाली असं लिहून दिलं, तर बदलीवर निभावून नेऊ." साहेब शब्दाचे पक्के आहेत. एक ओळ लिहून दे आणि यातून मोकळा हो.

तुला वाटेल, ही आली पुन्हा शहाणपण शिकवायला. तुझ्या चौकीतला फोन काढून वेळा वेबसाइटवर टाकायची कल्पना माझी होती, हे मी विसरलेले नाही. तू तेव्हा जेवताना म्हणाला होतास, "फोनवर माणूस असतो. त्याला विचारता येतं, नक्की ना? पानाला काय विचारू?" आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, अडाण्यासारखं बोलू नकोस. तू भरल्या ताटावरून उठलास. ते चुकलंच माझं. पण आत्ता जुनं उगाळत बसण्याची वेळ नाही.

लिहून दे, एवढंच सांगणं.

तुझी धाकटी बहीण


२५ ऑक्टोबर

दादा,

दिलंस. साहेबांनी कागद दाखवला. 'वेळ वाचण्यात माझी चूक झाली.' एकच ओळ, खाली सही. कागद माझ्या हातात होता तोवर हायसं वाटलं आणि परत देताना मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. का ते सांगता येत नाही.

तू माझं ऐकलंस याचं मला आश्चर्यच वाटलं. लहानपणापासून तू माझं कधी ऐकलं आहेस? पतंगाचा मांजा असो की तुझं लग्न, मी पूर्वेला म्हणावं आणि तू पश्चिमेला चालू लागावंस. एकदा तरी ऐकलंस, बरं झालं.

इथे आमच्या मागे नवीच धांदल आहे. वेबसाइटची जुनी सिस्टीम बंद होऊन नवी येते आहे. ते काम करणाऱ्या कंपनीच्या बाईंनी मला चारशे बारा पानांची यादी दिली. प्रत्येक पानापुढे दोन प्रश्न: पान नव्या सिस्टीममध्ये न्यायचं का, आणि त्याचा इतिहास न्यायचा का. इतिहास म्हणजे त्या पानावर कोणी, कधी, काय बदललं याची नोंद. तीन नोव्हेंबरला संध्याकाळी पाचला जुनी सिस्टीम पुसून टाकणार. ज्याच्यापुढे 'नाही' लिहिलंय ते कायमचं गेलं. बाई म्हणाल्या, सगळा इतिहास नेला तर फार जड होतं, लागेल तेवढाच ठेवा. मी बऱ्याच पानांपुढे 'नाही' लिहिलं. कोणाला लागतो इतिहास?

आणखी एक सांगून टाकते, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून कळेल आणि तुला काहीतरी वेगळंच वाटेल. दहा तारखेला दुपारी मी एक लिंक बदलली. किरकोळ होती. आमच्याकडे दिवसाला अशा दहा बदलतात. पुलाशी तिचा संबंध जोडायचं काही कारण नाही.

बदलीचा हुकूम कुठला निघतो ते कळव. शक्यतो घराजवळचं ठिकाण मिळावं म्हणून मी साहेबांच्या कानावर घालते.

धाकटी


३१ ऑक्टोबर

दादा,

आज वहिनी ऑफिसात आली होती.

माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली, पाणी नको म्हणाली, चहा नको म्हणाली. मी उगाचच कीबोर्ड सरळ केला. तिने पिशवीतून तुझा मोबाइल काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"बघ," म्हणाली.

फोटो होता. दहा तारीख, सकाळी नऊ चाळीस. वर 'पाणी सोडण्याच्या वेळा', खाली 'दहा तारीख, दुपारी चार.' पानाच्या तळाला बारीक अक्षरात 'पान सांभाळणार : वेबसाइट संपादक.'

वहिनी म्हणाली, "चौकीतला फोन काढल्यापासून रोज एक फोटो काढतात. पानाला विचारता येत नाही ना, म्हणून. मला कालच सापडला. मी म्हटलं, अहो, हा दाखवा की त्यांना! तर म्हणाले, नाही. म्हणाले, संध्याकाळी चाराचे दोन झालेले बघितले तेव्हाच कळलं मला. त्या पानाला तिच्याशिवाय कोणी हात लावत नाही. फोटो दाखवला की ती गेली."

मी फोटो मोठा करून बघितला. चारच होतं.

"तुझं पत्र आलं ना, चुकलो म्हणून लिहून द्या असं? वाचून हसले. म्हणाले, चिंगी घाबरली की तिचं अक्षर फार सुरेख येतं."

दादा, तू मला ठेवलेलं चिंगी हे नाव वहिनीच्या तोंडून ऐकलं आणि मी भर ऑफिसात हुंदके देऊन रडले. वहिनीने थांबवलं नाही, डोळेही पुसले नाहीत. रडून झाल्यावर म्हणाली, "बदलीबिदली काही नाही. त्या एका ओळीवर पोलिसांनी निष्काळजीपणामुळे मृत्यू म्हणून गुन्हा नोंदवलाय. सात तारखेला चौकशीची शेवटची बैठक, मग कोर्ट. त्यांना तुरुंगात जाऊ द्यायचं की नाही ते तू ठरव. मी त्यांच्या परवानगीशिवाय आलेय." आणि मोबाइल उचलून निघून गेली.

साहेबांनी गाजर दाखवलं आणि तुझ्यासमोर धरायला माझा हात वापरला. पण साहेबांवर ढकलून माझं सुटत नाही. आता सगळं लिहिते, जसं झालं तसं.

दर हंगामाला वेळांचं नवं पान लागतं. मी मागच्या वर्षीच्या पानाची नक्कल करते, वेळा बदलते, पान प्रकाशित करते आणि जुन्या पानाकडे जाणाऱ्या लिंक नव्याकडे वळवते. पानावर वर्ष नसतं. मोबाइलवर शीर्षक दोन ओळींत तुटायचं, ते वाईट दिसतं म्हणून मीच वर्ष काढून टाकलं. यंदाही हंगाम दहा तारखेलाच सुरू होणार होता, मागच्यासारखाच. मागच्या वर्षी त्या दिवशी पाणी चारला सोडलं होतं, यंदा दोनला.

जुन्या पानाला कुठून कुठून लिंक आहे, हे सिस्टीमला विचारता येतं. मी विचारलं. तिने सांगितलं, आता कुठूनही नाही. पण फाटकवाल्यांसाठी जे वेगळं बटण आहे, तुम्ही मोबाइलवर दाबता ते, त्याची लिंक मागच्या वर्षी मी यादीतून पान निवडून दिली नव्हती. घाईत होते, पत्ता हाताने टाइप केला होता. हाताने टाइप केलेली लिंक सिस्टीम मोजत नाही. हे मला माहीत आहे. नव्या लोकांना पहिल्याच दिवशी मी हेच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तरीही काही झालं नसतं. जुनं पान मी साइटवरून उतरवलं असतं, तर तुला बटण दाबल्यावर 'पान सापडत नाही' एवढंच दिसलं असतं. तू फाटक पाडलं असतंस आणि शिव्या घालत मला फोन केला असतास. पण मी जुनी पानं उतरवतच नाही. उतरवलं आणि एखादी विसरलेली लिंक त्याच्याकडे जात असली, तर महिन्याच्या अहवालात ती 'तुटलेली लिंक' म्हणून येते. माझ्या अहवालात सलग बावीस महिने 'तुटलेल्या लिंक : शून्य' आहे. साहेब ते बैठकीत वाचून दाखवतात, टाळ्या पडतात. त्या शून्यासाठी मी जुनी पानं जिवंत ठेवते.

दहा तारखेला अडीच वाजता शिपाई धावत आला, पुलावरून स्कूटर गेली म्हणून. मी पहिल्यांदा तुला फोन केला नाही. पहिल्यांदा मोबाइलवर फाटकाचं बटण दाबून बघितलं. चार. लगेच लिंक बदलली. दोन एक्केचाळीस झाले होते. तू तेव्हा पाण्यात होतास.

आणि त्या चारशे बारा पानांच्या यादीत, फाटकाच्या बटणापुढे, इतिहास न्यायचा का, या प्रश्नाला मी 'नाही' लिहिलंय. ते ओझं कमी करायला लिहिलेलं नव्हतं.

चिंगी


३ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजता

दादा,

यादीतला 'नाही' बदलायला गेले तर यादी कुलूपबंद. नव्या सिस्टीमच्या बाई म्हणाल्या, "परवाच अंतिम झाली. आता तुमच्या साहेबांची सही आणा, दोन मिनिटांत उघडून देते."

नुसत्या तुझ्या फोटोवर भागणार नाही. जुनं पान तूच चुकून उघडलंस म्हणतील, कारण फोटोतलं पान मागच्या वर्षीचंच आहे. लिंक कोणत्या पानाकडे जात होती आणि कधी वळवली, हे फक्त त्या इतिहासात आहे. पाचला तो पुसला जाईल.

साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, उभ्यानेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दार लावलं.

"तुमच्या भावाने स्वतः कबूल केलंय," म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून केलंय. तुम्ही सांगितलंत म्हणून मी सांगितलं."

"मला हे माहीत नव्हतं."

"आता झालं ना?"

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. एक फाटकवाला गेला तर खातं उभं राहतं. वेबसाइट खोटी ठरली तर उद्या प्रत्येक चौकीवाला म्हणेल, आमचा फोन परत बसवा."

"बसवा मग," मी म्हटलं.

सही मिळाली नाही. जागेवर येऊन मी बटणाच्या पानाचा इतिहास उघडला आहे. तो समोर दिसतोय, अकरा पानं भरतील एवढा. शेजारच्या टेबलावरची सहकारी आत्ताच हळूच सांगून गेली, की साहेबांनी माझं लॉगिन बंद करायला फोन केलाय. उघडलेलं पान आहे तोवर आहे. दुसरीकडे कुठे गेले की बाहेर फेकली जाईन. छापायला दिलंय. आमच्या मजल्याचा प्रिंटर बंद आहे, म्हणून वरच्या मजल्यावर पाठवलंय. तो साहेबांच्या दाराबाहेर आहे. हे पत्र इथेच ठेवून वर जाते.

सव्वाचार

दादा, मी वर पोचले तेव्हा साहेब प्रिंटरपाशी उभे होते. कागद त्यांच्या हातात होते, चष्मा कपाळावर सरकवून वाचत होते. शेवटचं पान अजून बाहेर येत होतं.

"हे तुमचं?"

"हो."

मी हात पुढे केला. त्यांनी कागद दिले नाहीत. मी कागदांचं दुसरं टोक धरलं. दोघं तसेच उभे, दोन लहान मुलं वहीसाठी भांडतात तशी. जिन्यावरून कोणीतरी वर येत होतं, त्याच्या चपलांचा आवाज जवळ आला.

"नोकरी जाईल," ते हळू आवाजात म्हणाले. "नुसती नोकरी गेली तरी नशीब समजा."

"जाईल तर माझी जाईल. त्याची कशाला?"

जिन्यावरचा माणूस वर पोचला, नमस्कार साहेब म्हणाला. साहेबांनी त्याला नमस्कार केला, त्यासाठी हात सोडावा लागला. मी प्रिंटरमधलं शेवटचं पान उचललं आणि कागद मोजले. अकरा. खाली आले तर माझ्या पडद्यावर लॉगिन विचारत होतं.

घराकडे न जाता थेट चौकशी अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन कागद दिले आणि पोच घेतली. हे तिथल्या बाकावर लिहिते आहे. अधिकारी म्हणाले, सातला तुम्हालाही बोलावू. दादा, एवढं बरं या पंचवीस दिवसांत वाटलं नव्हतं.

चिंगी


७ नोव्हेंबर

दादा,

मी बैठकीतून बाहेर आले तेव्हा तू बाकावर होतास. "झालं?" म्हणालास. दोन वर्षांत तू माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी म्हटलं, "झालं." तू सरकून जागा करून दिलीस, पण लगेच तुला आत बोलावलं. तू बाहेर येईपर्यंत मला तिथे थांबवेना. आत काय झालं ते माझ्या तोंडून तुला सांगता येणार नव्हतं, म्हणून लिहिते.

तुझं आधी सांगते. त्यांनी तुझी कबुली बाजूला ठेवली. वहिनीने आणून दिलेला फोटो आणि इतिहास शेजारी शेजारी ठेवून बघितले. अधिकारी म्हणाले, फाटकवाल्याने दिसलं तसं केलं, गुन्हा मागे घ्यावा अशी शिफारस करू. चौक्यांमध्ये फोन परत बसवा, असंही लिहिणार आहेत. तुला हे आत्तापर्यंत सांगितलं असेलच. माझ्यावर गुन्हा नोंदवायचा की नुसतं काढून टाकायचं, ते पुढच्या आठवड्यात ठरेल. त्याबद्दल मला तक्रार नाही. वहिनीला सांग, ती आली नसती तर मी गप्प बसले असते. हे तिला माहीत असायला हवं आणि तुलाही.

गवंड्याची बायको खोलीत होती. एका पायाला प्लास्टर, शेजारी तिचा भाऊ. मी अकरा कागद वाचून दाखवत होते तेव्हा ती खाली बघत होती. मला वाटलं, तिला यातलं काही कळत नसावं. लिंक, आवृत्ती, प्रकाशित, अप्रकाशित. असं वाटणं हीसुद्धा माझी जुनीच खोड. अडाणी म्हणायची सवय लवकर जात नाही.

वाचून झाल्यावर अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? तिने मान वर केली.

"एकच विचारायचंय. ते बदलायला किती वेळ लागतो?"

"काय बदलायला?" अधिकारी म्हणाले.

"ते, यांनी नंतर बदललं ते."

 अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अर्धं मिनिट," मी म्हटलं.

तिने मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. "आम्ही पुलावर आलो तेव्हा दोन वीस झाले होते," म्हणाली. "त्यांनी घड्याळ बघितलं होतं. मला म्हणाले, चारपर्यंत वेळ आहे, फाटकवाल्या दादांनी सांगितलंय." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही त्या दिवशी सकाळी किती वाजता कामाला आलात?"

"नऊला."

 भावाने तिला कुबड्या दिल्या. लेखनिकाने टाइप करायचं थांबवून अधिकाऱ्यांना विचारलं, हे सवाल-जवाब नोंदीत घ्यायचे का, कारण प्रश्न चौकशीच्या कक्षेत बसत नाहीत. अधिकारी जरा घुटमळले.

मी म्हटलं, घ्या. अर्धं मिनिट, आणि नऊ वाजता. दोन्ही घ्या.

चिंगी